‘होऊन जाते ना मॅडम’ची किंमत

प्रश्न: अकरा आठवड्यांपूर्वी नागपुरातल्या एका डीलरकडून ऑटोमॅटिक गिअरची सेकंड हँड गाडी 5 लाख 75 हजारांना घेतली. 1 लाख 75 हजार रोख दिले, 4 लाखांचं कर्ज काढलं (12 टक्के, 4 वर्षं, हप्ता 10,534). डीलरने इंजिन-गिअरबॉक्सची 6 महिन्यांची वॉरंटी दिली आहे. तिसऱ्याच आठवड्यापासून पहिला गिअर पडेना. तीन खेपा मिळून 38 दिवस गाडी वर्कशॉपमध्ये आहे आणि ‘पार्ट येऊन राहिला, होऊन जाते ना मॅडम’ यापलीकडे उत्तर नाही. ओळखीचे मिस्त्री 52 हजारांत काम करून देतो म्हणतात. डीलर 4 लाख 90 हजारांना गाडी परत घ्यायला तयार आहे. यजमान म्हणतात, हप्ताच थांबवू. आम्ही आंबेडकर चौकाजवळ राहतो, माझी नोकरी हिंगणा एमआयडीसीत. रोज कॅबला 600 रुपये जातात. शिल्लक म्हणाल तर दीड लाखाची एफडी, तेवढीच. ती मोडू का?

उत्तर: ताई, यजमानांचा राग मला समजतो, पण हप्ता थांबवायचा विषय आजच बंद करा. कर्ज देणाऱ्याने पैसे दिले, त्याचा गिअरबॉक्सशी संबंध नाही. हप्ता चुकला की दंड तुम्हाला लागेल आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, तुमचा खराब होईल. डीलरच्या केसालाही धक्का लागणार नाही.

गाडी परत देण्याचा हिशेब कागदावर मांडला की तो पटत नाही. 5 लाख 75 हजार वजा 4 लाख 90 हजार, म्हणजे 85 हजार तिथेच गेले. शिवाय कर्ज मुदतीआधी फेडावं लागेल. दोन हप्ते गेले असतील तर मुद्दल अजून सुमारे 3 लाख 87 हजार आहे. मुदतपूर्व फेडीचा दंड तुमच्या करारात बघा. 5 टक्के धरला तर त्यावरच्या जीएसटीसह 22,800 होतात. एकूण 1 लाख 7 हजारांच्या वर तोटा. ज्याने बिघडलेली गाडी विकली त्यालाच वर एवढे पैसे द्यायचे?

आता मिस्त्रींचे 52 हजार. तोट्यापेक्षा हे निम्मे, म्हणून मोह होतो. पण वॉरंटीच्या कागदात बहुतेक वेळा एक ओळ असते: बाहेरच्या गॅरेजमध्ये गाडी खोलली की वॉरंटी संपली. उद्या इंजिनचं काही निघालं तर डीलर हात वर करायला मोकळा. तेव्हा मिस्त्रींना सध्या फक्त लेखी अंदाजपत्रक मागा. पान्याला हात लावू देऊ नका. तोच कागद वाचताना आणखी एक बघा: वॉरंटी डीलरची स्वतःची आहे की तिसऱ्याच एखाद्या कंपनीची? तशी असेल तर काम सुरू व्हायच्या आधी त्या कंपनीची मंजुरी लागते, आणि ‘पार्ट येऊन राहिला’चा खरा अर्थ अनेकदा ‘मंजुरी आली नाही’ असा असतो. क्लच प्लेट ही झिजणारी वस्तू म्हणून बहुधा वगळलेली असते. तुमचा दोष क्लच प्लेटच्या खात्यात ढकलला जातोय का, हे जॉबकार्डवर, म्हणजे गाडी घेताना वर्कशॉप लिहितं त्या कामाच्या कागदावर, काय लिहिलंय त्यावर कळेल.

राहिली वाट पाहणं. कॅबचे 600 हा सगळा जादा खर्च नाही. गाडी असती तरी पेट्रोल लागलंच असतं. ते 220 धरा. म्हणजे थांबण्याची किंमत दिवसाला 380, महिन्याच्या 25 दिवसांना 9,500. आणि खरं सांगू? आंबेडकर चौकातून लोकमान्य नगरपर्यंत थेट मेट्रो आहे. पुढे शेअर ऑटो केला तर हा फरक जवळजवळ उरतच नाही. मे महिन्यातल्या उन्हात तो ऑटो सुखाचा नाही, मान्य. पण ज्याला घाई नाही त्याच्याशी डीलर वेगळं बोलतो, आणि तुमची घाई 9,500 रुपयांची आहे हे त्याला कळता कामा नये.

मात्र नुसतं थांबू नका, कारण वॉरंटीच्या 26 आठवड्यांतले 11 गेले. आज डीलरला ई-मेल करा, शिवाय पोचपावतीसह पत्र पाठवा: तिन्ही वेळा गाडी कधी दिली, कधी मिळाली, प्रत्येक जॉबकार्डची प्रत, 15 दिवसांत दुरुस्ती करून द्यावी, आणि वर्कशॉपमधले सगळे दिवस वॉरंटीत वाढवून मिळावेत. फोनवर काही ठरलं तर त्याच संध्याकाळी ‘आपलं असं बोलणं झालं’ म्हणून मेसेज टाका. माझी स्वतःची गाडी एकदा एसीच्या कामाला दिली होती. पावती घेतली नाही, आणि शेवटी गॅरेजवाला मला शपथेवर सांगत होता की गाडी बारा दिवस उशिरा आली!

15 दिवसांत काही हललं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथेही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पण तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत. 5 ते 10 लाखांच्या खरेदीला फी 200 रुपये आहे. निकाल मात्र लवकर लागेल असं धरू नका. बहुतेकदा नोटीस पोचल्यावरच पार्ट सापडतो.

पत्राला लेखी नकार आला किंवा मुदत उलटूनही उत्तर नाही, तरच मिस्त्रींकडे जा. त्यांचं अंदाजपत्रक आधी डीलरला पाठवा, पक्कं बिल घ्या, काढलेला जुना पार्ट सांभाळून ठेवा. हेच 52 हजार पुढे आयोगात मागायचे आहेत. तेव्हाही एफडी मोडू नका. तिच्यावर कर्ज घ्या. बँका साधारण एफडीच्या व्याजाहून 1-2 टक्के जास्त लावतात. घरात दुखणंखुपणं आलं तर ती दीड लाखाचीच फळी आहे.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, म्हणून विचारतो: आरसी आणि विमा तुमच्या नावावर झालाय का? गाडी घेतल्यापासून 14 दिवसांत विमा नावावर करून घ्यायचा असतो. जुन्या मालकाच्याच नावावर असेल तर थर्ड पार्टीचं, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचं, संरक्षण चालू राहतं, पण वर्कशॉपच्या आवारात गाडी ठोकली गेली तर स्वतःच्या नुकसानीचा दावा अडू शकतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळालेली सूट, तीही तुम्हाला मिळत नाही, तेव्हा त्यापोटी थोडे पैसे भरावे लागतील. ते भरा.

आणि पत्र मिळाल्यावर डीलर परत घेण्याची किंमत वाढवायला लागला, 5 लाख 50 हजारांवर आला, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा तोटा 48 हजारांच्या आत येतो, मिस्त्रींच्या बिलापेक्षा कमी, आणि माझं उत्तर बदलेल.