'कलानी' या हवाईयन नावाचा अर्थ काय, आणि त्यामागे खरोखर राजघराण्याचा वारसा आहे का?

वारसा निश्चित आहे, मात्र तो एखाद्या विशिष्ट कुळाचा नसून 'लानी' या शब्दाचा आहे. 'क' हे हवाईयन भाषेतील निश्चित उपपद, म्हणजे इंग्रजीतील 'the'सारखा शब्द, आणि 'लानी' म्हणजे आकाश. परंतु अत्युच्च दर्जाच्या सरदाराला किंवा राजालाही हाच शब्द लावला जात असे. आपल्याकडे भूपती, महीपती हे राजवाचक शब्द जमिनीच्या स्वामित्वावरून आले, तर हवाईत राजाला थेट आकाशच म्हटले गेले, हा फरक मला फार अर्थपूर्ण वाटतो. आज कलानी हे नाव मुलामुलींना सर्रास ठेवतात, त्यामुळे केवळ नावावरून कोणाचे घराणे ठरवता येत नाही.

राजघराण्यातील नावे मात्र घडलेल्या प्रसंगाची आठवण जपत. १८३८ साली जन्मलेल्या एका मुलीचे नाव 'लिलिउ', म्हणजे जळजळ, असे ठेवले गेले, कारण त्या वेळी किनाउ ही राज्यातील मोठी अधिकारी स्त्री डोळ्यांच्या दुखण्याने त्रस्त होती. पुढे १८७७ मध्ये राजा कालाकाउआ याने या आपल्या बहिणीला वारस नेमले, तेव्हा तिच्या नावाला 'ओकलानी' जोडून 'लिलिउओकलानी' असे राजनाम दिले. हीच हवाईची शेवटची राणी. १८९३ मध्ये तिला पदच्युत करण्यात आले.

मला सर्वांत हृदयस्पर्शी वाटते ते चौथ्या कामेहामेहाच्या राणीचे, एमाचे नाव. १८६२ मध्ये तिचा चार वर्षांचा एकुलता एक मुलगा वारला, तेव्हा तिने 'कलेलेओकलानी' हे नाव घेतले. त्याचा अर्थ 'राजवंशीयाचे उड्डाण', म्हणजे त्याचे निघून जाणे. येथे 'लानी' म्हणजे नुसते आकाश नव्हे, तर तो मुलगा, हे ध्यानात घ्यावे. पुढच्याच वर्षी राजाही गेला, आणि तिने नावातील एकवचनी 'क' काढून त्या जागी अनेकवचनी 'ना' घातला: 'कलेलेओनालानी'. गेलेले आता दोघे होते.