चालढकल म्हणावं की दिरंगाई?

एका वाचकाने विचारलं आहे: "'प्रोक्रॅस्टिनेशनच्या सवयीवर मात' या विषयावर विद्यार्थ्यांपुढे बोलायचं आहे. मराठीत नेमका शब्द कोणता? आळस, दिरंगाई, टाळाटाळ, दीर्घसूत्रीपणा असे बरेच सापडले, पण एकही नीट बसत नाही. आणि 'सवयीवर मात' हे तरी बरोबर आहे का?"

माझ्या मते शब्द 'चालढकल'. आणि सवयीवर मात करू नका, सवय मोडा.

'आळस' आधी बाजूला ठेवू. आळस येतो. 'मला आळस आला' या वाक्यात मी काहीच केलेलं नाही. आळस आला आणि मी त्याच्या ताब्यात गेलो. चालढकल अशी येत नाही, ती करावी लागते. 'मी चालढकल केली' म्हटलं की कर्ता समोर उभा राहतो. शिवाय चालढकल करणारा आळशी असतोच असं नाही. उद्या परीक्षा असताना तीन तास खपून अख्खं कपाट आवरणाऱ्या मुलाला आळशी कसं म्हणणार? तो राबतोय, फक्त जे करायचं ते सोडून. त्याला आळशी म्हटलं की तोही स्वतःला तसंच समजू लागतो, आणि स्वभावाला औषध नाही असं मानून गप्प बसतो. म्हणून मुलांपुढे बोलताना हा शब्द जपून वापरावा असं मला कळकळीने वाटतं.

मानसशास्त्रज्ञ पिअर्स स्टील यांनी २००७ साली या विषयावरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. त्यांच्या व्याख्येचा आशय असा: जे करायचं ठरवलंय तेच, उशीर झाला तर आपलं नुकसान आहे हे ठाऊक असूनही, आपणहून पुढे ढकलणं. ही व्याख्या हाताशी धरली की बाकीचे शब्द भराभर वेगळे होतात. 'टाळाटाळ' करणाऱ्याला ते काम मुळात करायचंच नसू शकतं. 'वेळकाढूपणा'त उशीर हाच डाव असतो, नुकसान समोरच्याचं. 'दिरंगाई' फारसी 'दिरंग' म्हणजे उशीर यावरून आली आणि दफ्तराला चिकटली. महाराष्ट्राच्या २००५ च्या कायद्याच्या लांबलचक नावात 'विलंबास प्रतिबंध' असे शब्द आहेत, पण लोक त्याला 'दफ्तर दिरंगाई कायदा' म्हणतात, कारण दिरंगाई हा ताटकळलेल्या माणसाचा शब्द आहे. स्वतःच्या अभ्यासात कोणी दिरंगाई करत नाही.

'चालढकल'मध्ये मात्र सगळं आहे. ढकललेलं काम नाहीसं होत नाही. ते आपल्याच वाटेवर चार पावलं पुढे जाऊन थांबतं, आणि आपण तिथे पोचलो की पुन्हा ढकलतो.

'दीर्घसूत्री'बद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण या शब्दावर माझा जीव आहे. शब्दशः अर्थ लांब सूत असलेला, म्हणजे काम लांबवत बसणारा. भगवद्गीतेत अठराव्या अध्यायाच्या अठ्ठाविसाव्या श्लोकात तामस कर्त्याच्या लक्षणांत 'अलस' आणि 'दीर्घसूत्री' हे दोन्ही शब्द आहेत. एकाच श्लोकात दोन्ही आले, म्हणजे ते दोष वेगळे मानले गेले होते. तीन माशांची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. पंचतंत्रात मरणाऱ्या माशाचं नाव 'यद्भविष्य', जे व्हायचं ते होईल म्हणणारा. महाभारताच्या शांतिपर्वात त्याच जागी 'दीर्घसूत्र' आहे. तळ्याचं पाणी काढलं जातंय, निघायला हवं, असं पहिला मासा सांगतो. त्यावर दीर्घसूत्र म्हणतो, तुझं बरोबर आहे, पण घाई करू नये असं माझं मत आहे. त्याला पटलेलं असतं! पटूनही थांबणं ही तर अस्सल चालढकल. तरीही बोलताना मी हा शब्द सुचवणार नाही. ऐकणाऱ्याला आधी तो समजावून सांगावा लागेल.

आता 'मात'. हा बुद्धिबळाचा शब्द, त्याला समोर प्रतिस्पर्धी लागतो. संकटावर, आजारावर मात करतात. सवय आपलीच असते. ती लागते, जडते, सुटते आणि मोडावी लागते.

मोडायची कशी, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण त्याचं एक टोक भाषेतच आहे. मध्यंतरी माझ्याकडे एका लेखाची मुद्रितं, म्हणजे छपाईआधी चुका बघायची पानं, तपासायला पडून होती. त्यांच्याविषयी मी रोज जे बोललो ते वहीत टिपत गेलो. सोमवारी 'बघू'. मंगळवारी 'उद्या नक्की'. गुरुवारी 'राहूनच गेलं'. या तिन्हींत 'मी' कुठेही नाही. 'राहून गेलं'मध्ये तर काम स्वतःच्या पायांनी कुठेतरी निघून गेल्यासारखं वाटतं. शुक्रवारी मुद्दाम लिहिलं, 'मी आज मुद्रितं पाहिली नाहीत, कारण तिसऱ्या पानावरची चूक माझी आहे आणि ती बघवत नाही.' वाक्य पुरं झाल्यावर कागद पुढे ओढले. तिसरं पान आधी घेतलं. फ्युशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल या संशोधकांनी २०१३ मध्ये हेच मांडलं होतं: आपण कामापेक्षा त्याच्याशी जोडलेली नकोशी भावना टाळतो आणि तेवढ्यापुरतं बरं वाटून घेतो.

दुसरं टोक म्हणजे आपला 'की'. पीटर गोलविट्झर यांनी १९९९ च्या लेखात दाखवलं की अमुक प्रसंग आला म्हणजे अमुक करायचं, असं आधी बांधून ठेवलेलं काम नुसत्या निश्चयापेक्षा जास्त वेळा पार पडतं. मराठीत ही बांधणी आयती आहे: 'आंघोळ झाली की गणितं घेईन.' विद्यार्थ्यांकडून 'उद्यापासून अभ्यास करीन' हे वाक्य घ्या आणि त्यात 'की' घालायला सांगा. 'उद्यापासून'ला 'की' जोडता येत नाही, प्रसंग शोधावाच लागतो.

शीर्षक मी 'चालढकलीची सवय मोडताना' असं ठेवीन. शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून 'चालढकलीची'. 'चालढकलची' लिहू नका.