वाड्याचा आणि वावराचा माग

अनेक आशीर्वाद.

वाड्याचा आणि वावराचा इतिहास लिहायला घेतलास, फार बरं केलंस. आधी बघ, गाव वर्धा नदीच्या कुठल्या अंगाला आहे. पश्चिमेला वऱ्हाड, तिथे रयतवारी, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा. खातेदाराचं नाव सरकारी दप्तरात थेट सापडतं. पूर्वेला मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार गोळा करून सरकारला भरायचा; ती 1951 साली संपली. त्या बाजूच्या जुन्या खसऱ्यात, म्हणजे शेतांच्या नोंदवहीत, ‘सीर’ किंवा ‘खुदकाश्त’ दिसलं तर ती मालगुजाराची घरची शेती. पणजोबा कूळ असतील तर त्यांना कुळांच्या नोंदीत शोध.

कागद आजपासून मागे वाचत जा. सातबाऱ्यावर नावाजवळ वर्तुळातला आकडा म्हणजे फेरफार क्रमांक. तो फेरफार काढ. जमीन वारसाने आली की खरेदीने, कधी आणि कोणाकडून, ते त्यात असतं. मग त्याआधीचा. साखळी तुटली तर बहुधा नंबर बदललेला असतो: हिस्से पडले, नाहीतर तुकड्यांच्या एकत्रीकरणात गट झाला. जुन्या-नव्या नंबरांचा मेळ भूमी अभिलेख कार्यालयात विचार.

क्षेत्र जपून लिही. जुने कागद एकर-गुंठ्यांत, नवे हेक्टर-आरमध्ये. 6 एकर 20 गुंठे म्हणजे 2.63 हेक्टर. थोडा फरक दिसला म्हणून भाऊबंदांवर संशय घेऊ नकोस, पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा भाग, वेगळा दाखवलाय का ते आधी बघ.

गावठाणातला वाडा सातबाऱ्यात मिळणार नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीचा नमुना 8, घराच्या कर आकारणीचा. तलाठ्याकडचा 8-अ शेतीच्या खात्याचा. नावं जवळची म्हणून लोक हमखास चुकीची नक्कल आणतात.

मग वाडाच वाच. ओसरी, माजघर, कोठा, सगळीकडे भिंतीची जाडी मोजून कच्चा नकाशा काढ. दोन भिंती एकमेकींत गुंफलेल्या नसून नुसत्या टेकलेल्या असतील, तर त्यातली एक मागाहून उभी राहिली. तुळईला बिनकामाच्या खाचा असतील तर ते सागवान बहुतेक आधी दुसरीकडे वापरलेलं.

आणि आत्यांकडे जाच. वारसनोंदीत लेकींची नावं पुष्कळदा गळाली, पण कुठलं वावर ‘बरडाचं’ आणि कुठलं ‘नाल्याकाठचं’, हे त्यांना पाठ असतं. त्यांना साल विचारू नकोस. विहीर खोदली ती 72 च्या दुष्काळाआधी की नंतर, तेव्हा त्यांचं लग्न झालं होतं का, असं विचार. सांगितलेलं आणि कागदातलं वेगवेगळ्या रकान्यांत लिही. जुळत नसेल तिथे दोन्ही तसंच राहू दे.