बाल्कनीतल्या जास्वंदीला मिलीबग लागलाय. मधमाश्या आणि फुलपाखरं न मारता तो कसा घालवू?

तुम्ही लिहिलंय की कांदिवलीच्या तुमच्या बाल्कनीत जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखं पांढरं चिकटलंय, नर्सरीवाल्याने कुंडीत घालायची पावडर दिलीय आणि ती टाकली तर फुलांवर येणाऱ्या माश्या मरतील अशी धास्ती आहे. धास्ती रास्त आहे. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम असं नाव दिसलं तर ती घालू नका. ही औषधं मुळांतून झाडभर चढतात आणि पानांबरोबर फुलातल्या मधात, परागातही उतरतात. युरोपीय संघाने २०१८ मध्ये उघड्यावरच्या पिकांसाठी त्यांवर बंदी घातली ती मधमाश्यांपायीच.

आता मिलीबगकडे वळू. मराठीत याला पिठ्या ढेकूण म्हणतात. पण पांढरं दिसलं की चिरड, असं करू नका. क्रिप्टोलीमस नावाचा एक छोटा भुंगेरा आहे, लेडीबर्डच्या कुळातला. त्याची अळीही अंगभर पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्या घेऊन हिंडते, अगदी मिलीबगसारखी, आणि खाते मात्र मिलीबगच. काडीने हळूच डिवचून बघा. मिलीबग जागचा फारसा हलत नाही, चपटा असतो, तीन-चार मिलिमीटरचा. अळी त्याच्या दुप्पट-तिप्पट मोठी, झिपऱ्या लांब आणि विस्कटलेल्या, आणि डिवचलं की तरातरा चालू लागते. मोठा झालेला भुंगेरा काळपट, डोक्याकडे आणि शेपटीकडे नारिंगी. मूळचा ऑस्ट्रेलियातला, १८९८ मध्ये कॉफीवरच्या किडीसाठी भारतात आणला. आपल्याकडचे द्राक्ष बागायतदार तो विकत घेऊन मुद्दाम बागेत सोडतात. तुमच्याकडे फुकट आला असेल तर त्याला हाकलू नका!

दुसरी गोष्ट मुंग्या. झाडावर मुंग्यांची रांग दिसते का? मिलीबग आणि मावा (कोवळ्या पानांचा रस शोषणारे बारीक किडे) गोड चिकट पाणी टाकतात, त्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात, भुंगेऱ्यांना आणि त्यांच्या अळ्यांना पिटाळून लावतात. मुंग्यांची वाट तोडली की निम्मं काम मित्रकीटक करतात. आपल्या बाल्कन्यांत फांदी ग्रिलला टेकलेली असते आणि मुंग्यांचा हमरस्ता तोच असतो. तेवढी फांदी छाटा. खोडाला कागदी चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर व्हॅसलीन लावा, थेट सालीवर नको. कुंडीखालच्या ताटलीत पाणी ठेवायचा उपाय बरेच जण सांगतात. मुंबईत तो करू नका, डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

मग प्रत्यक्ष सफाई. जास्त माखलेले शेंडे कापून पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. बाकीच्या ठिकाणी स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा टेकवा, मेण विरघळतं आणि किडा मरतो. मावा असेल तर सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. तपकिरी, फुगलेला, निश्चल मावा दिसला तर तो राहू द्या. त्याच्या आत इवल्याशा गांधीलमाशीचं पिल्लू वाढत असतं, ते बाहेर पडून आणखी मावा टिपतं.

एवढ्यावर भागलं नाही तरच कडुलिंबाचं तेल. लिटरभर पाण्याला ५ मिली, आधी थोड्या पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब टाकून फेटा, नाहीतर तेल वर तरंगतं. एका फांदीवर मारून दोन दिवस बघा. मग ऊन उतरल्यावर, माश्या परतल्यावर, फक्त लागण झालेल्या भागावर मारा. फुलं टाळा. अंड्यांच्या पुंजक्यांना ते फारसं बाधत नाही, म्हणून आठवड्याने पुन्हा. कडुलिंब 'नैसर्गिक' म्हणून सरसकट फवारणारे खूप आहेत, पण लेडीबर्डच्या मऊ अळ्यांनाही त्याचा त्रास होतो. तंबाखूचं पाणी तर नकोच, निकोटिन मित्र-शत्रू ओळखत नाही.

तुम्ही कढीपत्त्याची पानं खाणाऱ्या अळ्यांबद्दलही विचारलंय. लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या, मोठ्या झाल्या की हिरव्या, आणि छेडलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून उग्र वास सोडणाऱ्या अळ्या असतील तर त्या फुलपाखरांच्या आहेत. लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढणाऱ्या याच कुळातलं ब्लू मॉर्मन २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. त्यांना मारू नका. झाड अगदीच लहान असेल तर अळी उचलून लिंबाच्या कुंडीत ठेवा. पानं परत येतात.

आणि तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका. एखादी कुंडी बडीशेप किंवा शेपूची ठेवून तिला फुलू द्या. त्या बारीक फुलांवर, ज्यांच्या अळ्या मावा खातात अशा माश्या आणि छोट्या गांधीलमाश्या येतात, त्यांची तोंडं जास्वंदीसारख्या खोल फुलात पोचत नाहीत.

ओळखायला अडचण आली तर फोटो टाका. पानाच्या खालच्या बाजूचा, आणि शेजारी काडी ठेवून, म्हणजे आकार कळेल.