लुइझियानातलं युनिस : रेल्वेने वसवलेलं गाव ‘केजन’ कसं झालं?

केजन, म्हणजे अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातले फ्रेंच वंशाचे लोक, म्हटलं की दलदल, मगरी आणि होड्या डोळ्यांपुढे येतात. मग युनिस हे रेल्वेमुळे वसलेलं छोटं शहर केजन संस्कृतीचं ठाणं कसं, असं तुम्ही विचारलंय. मी ह्यूस्टनला राहतो, शनिवारी गाडी काढून तिकडे जाणं अधूनमधून होतं, म्हणून उत्तर लिहायला घेतलं.

आधी ती दलदल डोक्यातून काढा. ॲचाफलाया नदीच्या खोऱ्यात ती आहेच, पण युनिस तिच्या पश्चिमेला आहे, लाफायेट शहरापासून साधारण ६५ किलोमीटरवर, तव्यासारख्या सपाट माळावर. या माळाला केजन प्रेअरी म्हणतात. एके काळी तो सुमारे २५ लाख एकर होता. वर थोडी माती आणि खाली चिकणमातीचा इतका घट्ट थर, की पावसाचं पाणी मुरायचं नावच घेत नाही. मोठी झाडं फक्त बायूंच्या काठाने (तिकडच्या संथ ओढ्यांना बायू म्हणतात), बाकी नजर जाईल तिथवर गवत. आज त्या मूळ गवताचा एक टक्काही शिल्लक नाही. जे तुकडे वाचले, ते बरेचसे रुळांच्या कडेला, कारण रेल्वेच्या हद्दीत कुणी नांगर घातला नाही. अशा पट्ट्यांतून बी-रोपं आणून काही अभ्यासकांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस युनिसमध्ये दहा एकरांवर ती प्रेअरी पुन्हा उभी केली. ज्या रेल्वेमुळे माळ नांगराखाली गेला, तिच्याच कडेला त्याचं बियाणं टिकलं, याची मला अजून गंमत वाटते.

या माळावर केजन आले ते रेल्वेच्या शंभर वर्षं आधी. हे मूळचे कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया भागातले फ्रेंच भाषक शेतकरी. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना तिथून हाकललं, आणि भटकत भटकत त्यांतले बरेच लोक १७६४ ते १७८५ च्या दरम्यान लुइझियानात पोहोचले. काही बायूंच्या बाजूला राहिले, काही या माळावर गुरं पाळायला लागले. भातही लावायचे, पण कसं? खोलगट जागी बी टाकायचं आणि पुढचं देवावर सोडायचं. त्या पिकाला नावच होतं ‘प्रॉव्हिडन्स राइस’, म्हणजे देवाच्या भरवशाचा तांदूळ.

मग आली रेल्वे. १८८० च्या सुमारास न्यू ऑर्लीन्स आणि ह्यूस्टन जोडणारी मुख्य लाइन माळाच्या दक्षिणेकडून गेली आणि जमिनीला भाव आला. सी. सी. ड्यूसन नावाचा माणूस तिथे आधी शेरीफ होता, पुढे जमिनीच्या धंद्यात पडला. स्वतः केजन नव्हता. त्याच्या भावाने, डब्ल्यू. डब्ल्यू. ड्यूसनने, १८८७ मध्ये मुख्य लाइनवर क्रावली वसवलं होतं. सी. सी. ने १८९४ मध्ये फाट्याच्या लाइनवर, क्रावलीपासून ३० किलोमीटर उत्तरेला, प्लॉट पाडून लिलाव केला आणि गावाला बायकोचं नाव दिलं : युनिस. थोडक्यात, हा आपल्याकडच्या एखाद्या बिल्डरचा प्रकल्प म्हणा ना. जुनं स्टेशन आज म्युझियम आहे.

प्लॉट घेणाऱ्यांत फ्रेंच बोलणारे होते, तसेच आयोवा, इलिनॉयकडचे गव्हाचे शेतकरीही होते. रेल्वेच्या आणि जमीन कंपन्यांच्या जाहिराती त्यांच्यापर्यंत पोहोचल्या होत्या. त्यांनी गव्हाची कापणीयंत्रं भाताला लावली, बांध घातले, वाफेवरचे पंप बसवले. पाणी न मुरणारी ती चिकणमाती, जी इतर पिकांना नडायची, तीच भाताला लाभली. आता त्याच शेतांत भात निघाला की क्रॉफिश (गोड्या पाण्यातला, छोट्या लॉबस्टरसारखा जीव) सोडतात. हिवाळ्यात गेलात तर पाण्यात जाळीच्या सापळ्यांची टोकं ओळीने वर आलेली दिसतात, आणि चाक लावलेली सपाट तळाची होडी ओळींमधून सरकते. माणूस बसल्या बसल्या एकेक सापळा उचलतो, रिकामा करतो, नवं आमिष घालून परत ठेवतो. होडी थांबत नाही.

आता तुमचा खरा मुद्दा. परके आले, इंग्रजी आली, लुइझियाना राज्याच्या १९२१ च्या घटनेने तर शाळेत फ्रेंचला बंदीच केली. कितीतरी म्हाताऱ्यांना फ्रेंच बोलल्याबद्दल शाळेत शिक्षा झालेली आहे. मग गाव केजन राहिलं कसं? माझं मत असं की केजनांनी येणाऱ्यांनाच आपल्यात ओढलं. केजन संगीताचा जीव असलेलं अकॉर्डियन जर्मन बनावटीचं. जुन्या फिडलवाल्यांतलं (फिडल म्हणजे व्हायोलिनच) सर्वांत मोठं नाव डेनिस मॅगी, म्हणजे आडनाव आयरिश, भाषा फ्रेंच. त्याने १९२९ मध्ये अमेडे आर्दुआं या कृष्णवर्णीय क्रियोल (तिथल्याच फ्रेंच बोलणाऱ्या समाजातल्या) अकॉर्डियनवादकाबरोबर रेकॉर्ड केलेली गाणी आजही वाजवली जातात. पण हे चित्र फार गोड करून घेऊ नका. एका गोऱ्या बाईच्या रुमालाने घाम पुसला म्हणून आर्दुआंला बेदम मारलं, असं सांगतात. १९४२ मध्ये तो मनोरुग्णालयात वारला.

गाव केजन राहिल्याची आणखी एक खूण म्हणजे मार्दी ग्रा, ख्रिस्ती उपवासकाळाच्या आदल्या दिवशीचा सण. न्यू ऑर्लीन्सच्या मिरवणुकांशी त्याची गल्लत करू नका. इथे टोकदार टोप्या आणि चिंध्यांचे कपडे घातलेली मंडळी घोड्यांवरून शेतोशेत फिरतात, घरमालकापुढे नाचतात, गंबोसाठी (हा तिकडचा दाट रस्सा) जिन्नस मागतात. कोंबडी हातात देत नाहीत, मोकळी सोडतात. मग चिखलातून तिच्यामागे पळायचं. कॅपितेन, म्हणजे टोळीचा म्होरक्या, हातात चाबूक घेऊन सगळ्यांना आवरतो.

रेल्वेने गावाला सगळं चांगलंच दिलं, असं मात्र नाही. २७ मे २००० रोजी युनिसमध्ये युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीच्या ११३ डब्यांच्या मालगाडीचे ३३ डबे घसरले. काहींमध्ये घातक रसायनं होती, स्फोट झाले, साडेतीन हजारांच्या आसपास लोकांना घरं सोडावी लागली. कुणी दगावलं नाही. चौकशीत रूळ जोडणाऱ्या पट्ट्या तुटल्याचं आणि तपासणीत ढिलाई झाल्याचं निघालं.

जायचं असेल तर शनिवारच धरा. सकाळी गावाबाहेर हायवे १९० वरच्या सॅवॉय म्युझिक सेंटरमध्ये लोक आपापली वाद्यं घेऊन येतात, तिकीट नसतं. दुपारी स्टेशनचं म्युझियम आणि लिबर्टी थिएटरशेजारचं नॅशनल पार्क सर्व्हिसचं केंद्र बघा. लिबर्टी १९२४ चं आहे. १९८७ पासून तिथे शनिवारी संध्याकाळी फ्रेंचमधला रेडिओ कार्यक्रम लोकांसमोर होत आलाय. निघण्याआधी वेळा फोन करून विचारा. ह्यूस्टनहून सव्वातीन तास धरा, आणि मार्दी ग्राला जाणार असाल तर मुक्कामाची खोली खूप आधी बघून ठेवा.