लॅब्रॉडॉरला दर रविवारी घरी आंघोळ घालूनही तो खाजवतो. आपला साबण चालतो का, की कुठला शांपू घ्यावा?

साबण नाही चालत. आणि 'आंघोळ घालूनही' खाजवतो असं लिहिलंय, त्यातला 'ही' काढून टाका, अर्धं उत्तर मिळेल.

आमच्याकडे हेच झालं. सांगलीला बैठं घर, मागे परसात धुण्याचा दगड. शेरू तेव्हा दीड वर्षाचा. आमचे आण्णा शिस्तीचे, रविवारी साडेआठला शेरूची आंघोळ म्हणजे आंघोळ. साबण त्यांच्याच अंगाचा, तो संपला असेल तर धुण्याच्या वडीचा उरलेला तुकडा. "मला चालतो, मग त्याला काय धाड भरलीय?" शेरू आठ वाजताच पलंगाखाली जायचा. कुत्र्याला वार कळत नाही म्हणणाऱ्यांनी तेव्हा आमच्याकडे यायला हवं होतं.

पावसाळ्यात पोटावर, काखेत लाल चट्टे उठले, शेपटीच्या बुडाशी केस गेले. रात्रभर मागच्या पायाची फरशीवर टकटक. आण्णांचं निदान तयार होतं: मी चहाबरोबर त्याला बिस्किटं देतो, त्यानं रक्त बिघडलं. दोन महिने घरात हाच वाद. शेवटी डॉक्टरांकडे नेला. त्यांनी केस उलटे फिरवून पाहिलं, थोडी कातडी खरवडून काचेच्या पट्टीवर घेतली आणि विचारलं, "साबण कुठला लावता?" मी आण्णांकडे बघितलं. आण्णा भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत होते.

पीएच म्हणजे आम्लता मोजायचा आकडा, सातच्या वर गेला की अल्कधर्मी. माणसाच्या कातडीचा पीएच साडेपाचच्या आसपास, कुत्र्याचा सातच्या जवळ, आणि साबणाच्या वडीचा ९ ते १०. लॅबच्या अंगाला हात लावला की जे तेलकट लागतं तो मळ नव्हे. या जातीचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या गार पाण्यात कोळ्यांबरोबर राबायचे, ते तेल पाणी आत शिरू देत नाही. ते आपण दर आठवड्याला साबणानं धुऊन काढायचं, मग कातडी कोरडी, मग खाज, मग जखम.

महिना-दीड महिन्यानं एकदा घाला. मधे चिखलात लोळला तर नुसतं पाणी. आधी ब्रश फिरवा, गुंता भिजला की सुटत नाही. पाणी कोमट. पायाखाली गोणपाट टाका, कुत्र्याची निम्मी भीती फरशीवर घसरण्याची असते. डोकं सगळ्यात शेवटी. अंग झटकायची सुरुवात डोक्यापासून होते, तेव्हा थोबाड हलकेच धरून ठेवलं तर भिंती वाचतात. शांपू लावायला जितका वेळ, त्याच्या दुप्पट तो काढायला द्या, काखा-जांघांत हमखास राहतो. पंच्यानं पुसल्यावर वरून कोरडा दिसेल, पण केसांत बोटं घालून बघा, आतली लव ओलीच असते. पावसाळ्यात तीच नडते.

शांपू कुठला म्हणाल, तर कुत्र्यांचा, आणि डॉक्टर देतील तो. तुमच्याकडे कारण गोचीड किंवा बुरशीही असू शकतं, साबणावर सगळं ढकलून घरी बसू नका. मानेवर थेंब टाकायचं गोचिडाचं औषध देत असाल तर त्याच्या आधी नि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ नको.

शेरूचे चट्टे दीड महिन्यात गेले. गोळ्याही चालू होत्या, खोटं कशाला बोलू. पण आण्णा आजही पाहुण्यांना सांगतात, बिस्किटं बंद केली म्हणून कुत्रं बरं झालं. मी बिस्किटं एक दिवसही बंद केली नव्हती. फक्त आण्णा फिरायला गेले की परसात जाऊन द्यायचो.