वर्षभर शाळेत, पूर्णवेळ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पदवी झाली आहे, बी.एड. नाही. नोकरीआधी एक वर्ष गरीब वस्तीतल्या शाळेत पूर्णवेळ स्वयंसेवक व्हायचं आहे. शाळा मला नेमकं काय काम देईल?

उत्तर : शाळा काय देईल याची वाट पाहू नका, आधी बोलून ठरवा. नाहीतर दोन आठवड्यांत तुम्ही रजेवरच्या शिक्षकांचे वर्ग सांभाळत, झेरॉक्स काढत आणि संमेलनाच्या खुर्च्या लावत फिराल. वर्ग शिकवणं हे प्रशिक्षित शिक्षकाचं काम आहे आणि ते त्यांच्याकडेच राहायला हवं. तुमच्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही : एका मुलाशेजारी रोज अर्धा तास बसण्याची फुरसत.

बोस्टनमध्ये १९८८ साली सुरू झालेल्या ‘सिटी इयर’ या उपक्रमातले तरुण शिक्षकाच्या जोडीला वर्गात असतात आणि ठरावीक मुलांची हजेरी, वागणूक, भाषा आणि गणित यांवर लक्ष ठेवतात. ही चौकट कुठल्याही शाळेत चालते. दहा-बारा मुलांची यादी वर्गशिक्षकांसोबत बसून करा. ज्या मुलांना विशेष शिक्षकाची गरज आहे त्यांना तुमच्या भरवशावर सोडू नये, आणि आपल्याभोवती आपणहून गोळा होणारी मुलं म्हणजे यादी नव्हे. थोडा आधार मिळाला तर वर्गाबरोबर येतील, अशी मुलं घ्या. मुख्याध्यापकांकडून तीन गोष्टी लेखी घ्या : रोजची ठरलेली वेळ, बसायची जागा, आणि बदली वर्ग देणार नाही हे.

प्रश्न : सहावीतल्या काही मुलांना धड वाचता येत नाही. सुरुवात बाराखडीपासून करू का?

उत्तर : नको. आधी मूल कुठे अडलंय ते पाहा. मुलांना वाचन-गणित किती येतं ते घरोघरी जाऊन पाहणाऱ्या ‘असर’च्या पाहणीत वापरतात ती पद्धत सोपी आहे. पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा द्या. सलग वाचला आणि तीनपेक्षा जास्त चुका झाल्या नाहीत, तर दुसरीच्या पातळीची गोष्ट द्या. उतारा जमला नाही तर सुटे शब्द, पाचपैकी चार यायला हवेत. तेही नाही जमले तर अक्षरं, तिथेही पाचपैकी चार. एका मुलाला पाच-सात मिनिटं लागतात. चाचणी एकेकट्याची घ्या. चारचौघांत अडखळावं लागलं तर मोठं मूल त्या दिवसापासून तुम्हाला टाळायला लागतं.

पाठांतराने फसू नका. धडा घडाघडा म्हणणाऱ्या मुलापुढे चित्र हाताने झाका आणि ओळीतल्या मधल्याच शब्दावर बोट ठेवा. पाठ असेल तर ते ओळीच्या सुरुवातीपासून मनातल्या मनात म्हणत त्या शब्दापर्यंत येतं; ओठ हलताना दिसतात. अक्षरं येणारी मुलं बहुतेकदा ऱ्हस्व-दीर्घात नाही, तर जोडाक्षरांत अडतात, त्यातही ‘र’च्या रूपांत : ‘चक्र’चं ‘चर्क’, ‘क्रम’चं ‘कर्म’. असं मूल बाराखडीवर बसवलं तर त्याचा महिना वाया जातो. त्याला ‘क्रम-कर्म’ अशा जोड्या, दिवसाला चार-पाच, वाचायला आणि लगेच लिहायला द्या.

गट इयत्तेप्रमाणे नको, पातळीप्रमाणे करा. एका गटात तीन-चार मुलं, आठवड्यातून निदान तीनदा, ३० ते ४० मिनिटं, आणि शिकवणारी व्यक्ती तीच. आठवड्यातून एकदा दोन तास बसवून हे भरून निघत नाही. मधल्या दिवसांत विसरलेलंच पुन्हा काढावं लागतं. दर सहा आठवड्यांनी चाचणी घेऊन गट बदला. हे न केल्यामुळे पुढे गेलेलं मूल कंटाळतं आणि दंगा करतं. मग आपण त्याला ‘वागणुकीचा प्रश्न’ म्हणतो!

प्रशिक्षित नसलेल्या तरुणांना हे जमतं का, याचं उत्तर आहे. ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातल्या संस्थेच्या ‘बालसखी’ उपक्रमात वस्तीतल्याच तरुणी मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसत. मुंबई आणि वडोदऱ्यात त्याची शास्त्रशुद्ध पाहणी झाली, तेव्हा मुलांचे गुण स्पष्ट वाढलेले दिसले.

प्रश्न : यादीतली दोन मुलं सारखी गैरहजर असतात. त्यांच्या घरी जाऊ का?

उत्तर : आधी हजेरीपट उघडा. दहापैकी एक दिवस बुडणं किरकोळ वाटतं, पण २०० दिवसांच्या वर्षात ते २० दिवस होतात, आणि धोक्याची रेघ तिथेच मानतात. मग वार पाहा. ठरावीक वारी खाडा असेल तर त्या दिवशी घरी धाकटं भावंड सांभाळायचं असतं, किंवा त्या वाराच्या तासाची भीती असते. दोन्हींवरचे उपाय वेगळे. खाडा झाला त्याच दिवशी शाळेच्या फोनवरून घरी विचारणा व्हावी, सूर काळजीचा असावा. दुसऱ्या दिवशी मूल आल्यावर ‘काल का नाही आलास?’ हा पहिला प्रश्न नको. काल काय राहिलं ते दाखवा. घरी जायचंच तर शिक्षकांसोबत.

प्रश्न : वर्गशिक्षिकांना माझं वर्गात बसणं खटकतं असं वाटतं.

उत्तर : कारण बहुतेकदा साधं असतं : त्यांनी हातच्याची वजाबाकी एका रीतीने शिकवली आणि तुम्ही कोपऱ्यात दुसरीच दाखवली. मुलं गोंधळतात, बाईंचा धडा मोडतो. त्यांचीच रीत वापरा. मुलांसमोर त्यांची चूक काढू नका. आठवड्याला दहा मिनिटं मागून घ्या आणि एकच पान घेऊन जा : कोणतं मूल, काय जमलं, कुठे अडलं.

प्रश्न : मुलं फोन नंबर मागतात, सेल्फी काढू म्हणतात.

उत्तर : दोन्हीला नाही. एकट्या मुलासोबत बंद खोलीत बसायचं नाही. दार उघडं, बाहेरून दिसेल अशी जागा. मुलाने घरच्या मारहाणीबद्दल सांगितलं तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ऐका, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगा.

प्रश्न : वर्ष संपताना काय करायचं?

उत्तर : शेवटच्या दिवशी एकदम निरोप नको. सहा आठवडे आधी तारीख सांगा. अर्ध्यात सोडून गेलेली माणसं या मुलांनी आधीच पाहिलेली असतात. ‘भेटायला येईन’ हे नक्की जमणार असेल तरच म्हणा. प्रत्येक मुलाचं एक पान वर्गशिक्षकांच्या हाती द्या : पहिली आणि शेवटची चाचणी, कोणती जोडाक्षरं राहिली, कशाने वाचायला बसतं, कशाने बिथरतं. पुढचा स्वयंसेवक ठरला असेल तर शेवटचे चार-पाच दिवस त्याला गटात शेजारी बसवा, आणि त्यातले दोन तास त्यालाच घेऊ द्या.